माझ्या पाळतीवरचा माणूस

माझं लग्न का झालं नाही, हे तुम्ही एकदा तरी विचारणार हे मला ठाऊकच होतं. चहा घ्या, सांगतो. पण हसायचं ते शेवटी हसा, मध्ये हसलात तर मी गप्प बसेन!

काळ आणीबाणीचा. मी सांगलीत पाटबंधारे खात्यात कारकून. गाव माण तालुक्यात दहिवडीजवळ, म्हणजे पाण्याच्या नावानं बोंब. माणातला माणूस पाटबंधारे खात्यात असला तर त्याला पाणी कुठं दिसतं? फायलीत! गावभागात एक खोली घेऊन राहत होतो. सकाळी ऑफिस, संध्याकाळी खाणावळ, रविवारी कृष्णेच्या घाटावर जाऊन लोकांची पोरंबाळं बघत बसायचं. कुणी 'जेवलास का' म्हणून विचारणारं नव्हतं. एकटेपणाची सवय होते म्हणतात. मला तरी झाली नाही.

तर एका संध्याकाळी खाणावळीत कुणीतरी म्हणालं, "काही म्हणा, गाड्या आता वेळेवर सुटतात."

झक मारली आणि मी बोललो, "गाड्या सुटतात हो, आत टाकलेली माणसं कुठं सुटतात?"

सगळे हसले. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! कितीतरी महिन्यांत माझ्या बोलण्यावर कुणी हसलं नव्हतं. पण खोलीवर येताना एकेक चेहरा आठवायला लागलो. हसणाऱ्यांत कोण कोण होतं? कोपऱ्यातला तो टोपीवाला कोण?

आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरमालकीण आक्कांनी मला जिन्यातच गाठलं.

"आवं भाऊसाहेब, एक मानूस आलता. तुमची समदी चौकशी करत हुता."

"कसली चौकशी?"

"घरी कवा येता, पिता का, कुनाकुनात ऊठबस हाय, पगार येळंवर हुतो का."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"खरं त्येच सांगितलं. म्हनलं, ह्यांच्याकडं कुत्रंसुदिक येत न्हाई!"

"पण तुम्ही कोण, असं त्यांना विचारलं नाहीत?"

"इचारलं की! म्हनला, त्ये मागनं कळंलच."

मागनं कळंलच! आता सांगा, याचा अर्थ दुसरा काय होतो? त्या दिवसांत चौकशी करणाऱ्याला 'तुम्ही कोण, कशासाठी विचारता' असं उलट विचारायची सोय नव्हती. आज तरी कुठं आहे म्हणा! खाकी कपडा बघितला की आपण आपलं नाव विसरतो, न केलेला गुन्हा मात्र लगेच आठवतो.

मग तो माणूस मला दिसायला लागला. पानाच्या टपरीपाशी. खाणावळीसमोर. एकदा तर थेट ऑफिसच्या फाटकात, आमच्या शिपायाशी बोलताना! ताठ कणा, बारीक कापलेले केस, पिळदार मिशा आणि पायात तांबडे बूट. पोलीस नाही तर काय कीर्तनकार?

मी काय काय केलं म्हणून विचारू नका. जुनी वर्तमानपत्रं बंबात घातली. भिंतीवर सरकारी कॅलेंडर लावलं. ऑफिसात साहेबांच्याही आधी जाऊन बसायला लागलो. आक्कांच्या दारावरून जाताना मोठ्यानं म्हणायचो, "वा! काय शिस्त आली देशाला!" आक्का म्हणायच्या, "भाऊसाहेब, ताप आलाय का वो?"

आणि गंमत सांगू? भीती तर होतीच, पण खोल कुठंतरी बरंही वाटत होतं. मी कधी येतो, कधी जातो, याची कुणालातरी पडली होती! असो.

शेवटी एका सकाळी चहाच्या टपरीवर तो माणूस माझ्याच बाकावर येऊन बसला. दोन चहा सांगितले. म्हणाला, "एकलंच ऱ्हाता वाटतं?"

"एकटाच! कुणाशी काही संबंध नाही."

"दोस्तमंडळी?"

"एकही नाही!"

"घरी कोन असतं?"

"आई आहे गावी. पण तिच्याशी माझं फारसं बोलणं नसतं!" बिचारी माझी आई! तिला आणि सरकारला एकमेकांची गंधवार्ता नव्हती.

त्यानं मिशीवरून हात फिरवला. "सांजचं येळ कसा घालवता मग?"

"सरकारच्या कार्यक्रमांचं चिंतन करतो!"

तो जरा चमकला. मग हळूच म्हणाला, "आन् पुढं? संसाराचा काय इचार हाय?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला! हीच खरी परीक्षा! त्या वर्षी ऑफिसाऑफिसांतून नसबंदीची माणसं गोळा करायचा धोशा चालला होता. मी छाती पुढं काढली.

"संसार? छे! लोकसंख्या बघा की देशाची! मी तर मिरजेला जाऊन ऑपरेशनसुद्धा करून आलो!"

"कसलं आप्रेशन?"

"तेच! कुटुंबनियोजनाचं!"

त्याची बशी तोंडापाशीच थांबली. "लगीन व्हायच्या आदीच?"

"देशासाठी, साहेब!"

तो उठला. माझ्याकडं असं बघितलं, की मला वाटलं आता सलामच ठोकतो. चहाचे पैसे ठेवून निघून गेला. मी मात्र जिंकलो या खुशीत आणखी एक चहा मारला.

आठवड्याभरात आई दहिवडीहून एस. टी.नं आली. कधी न येणारी आई! हातातलं गाठोडं तसंच धरून दारातच रडायला लागली.

"काय करून बसलास रं माज्या लेकरा?"

"काय झालं?"

"कुंडलचं स्थळ आनलं हुतं तुज्या मामानं. ऊसवाली मानसं. आपल्या दुष्काळी मुलखात कोन पोरगी देतंय रं? तरी ती तयार हुती. पोरीचा चुलता तुजी चौकशी कराया आलता. मिल्ट्रीतला मानूस! पोरगी तर तुजा फोटू बघून व्हय म्हनली हुती!"

फोटो बघून हो म्हणाली होती. माझा फोटो! आईच्या तोंडाकडं बघवेना. जगात कुणीतरी मला हो म्हणालं होतं, आणि मी त्या माणसाला देशसेवा सांगत बसलो होतो.

दुसऱ्याच दिवशी रजा टाकून कुंडल गाठलं. चुलते बाहेरच्या सोप्यात बसले होते. मी हात जोडून सगळं सांगितलं. खाणावळ, गाड्या, तांबडे बूट, सगळं.

"म्हंजे तुमी मला पोलीस समजलासा?"

"होय. आणि ऑपरेशन वगैरे काही नाही हो, शपथ!"

ते जे हसायला लागले! डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या. आतल्या दाराआड बांगड्या वाजल्या, तिकडंही कुणीतरी हसत होतं. तेवढ्यात चहा आला. मला वाटलं, जमलं! मनातल्या मनात मी खोलीत दुसरी खुर्ची कुठं ठेवायची तेसुद्धा ठरवलं.

मग त्यांनी डोळे पुसले आणि हसू थांबलं.

"मानूस तुमी वाईट न्हाई. पर आसं बघा. मी धमकावलं न्हाई, काठी दावली न्हाई. निस्ता च्या पाजला. तेवढ्यात तुमी दोस्त नाकारलासा, जित्या आईला बाजूला सारलासा. उद्या खरा पोलीस दारात हुबा ऱ्हायला, तर आमच्या पोरीकडं बोट दावून म्हनशीला, ही माजी बायकूच न्हाई!"

बांगड्या गप्प झाल्या. सगळं घर माझ्या उत्तराची वाट बघत होतं. 'छे छे, भलतंच काय!' एवढंच म्हणायचं होतं मला. तोंडही उघडलं होतं. पण शब्द फुटेना.

कारण, आता तुमच्यापासून काय लपवायचं? पोलिसापुढं तसंच म्हणालो असतो हो!