टिकलीवालं दुकान

"भाऊजी, हे गेले," एवढंच अविनाशची बायको, सुमनवहिनी, फोनवर म्हणाल्या आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं तेही भांडणाचंच : "गेला म्हणजे? शनिवारी दुकानात येणार होता तो!" हृदयाचं ऑपरेशन होतं आणि मला पत्ता नव्हता. बडोद्याच्या नागरवाड्यातल्या एका गल्लीत वाढलो आम्ही दोघं. तो राग अजून उतरलेला नाही.

सुभानपुऱ्यातलं नळ-पाइपांचं दुकान मी शून्यातून उभं केलं. त्याचं बिलांचं सॉफ्टवेअर अविनाश सांभाळायचा. नवी आवृत्ती आली की ती खऱ्या कॉम्प्युटरवर तो आधी कधीच चढवायचा नाही. मागच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर अख्खं दुकान उतरवायचा... तोच माल, तीच गिऱ्हाइकं, तेच भाव. नवी आवृत्ती तिथे घालून दिवसचे दिवस खेळत बसायचा. 'खोटं दुकान' म्हणायचा त्याला. मी चिडायचो, "अव्या, मला खऱ्याला वेळ पुरत नाही आणि तू खोटं चालवतोस!" तो हसायचा. "दिग्या, बस इथे. गिऱ्हाईक हो. भांड." मग मी बिल झाल्यावर भाव पाडायचो, दोन नळ परत करायचो, एक बदलून मागायचो आणि वर पुन्हा 'छेल्लो भाव बोलो', शेवटचा भाव सांग. तो हटून बसायचा, मग एकेक गोष्ट आत भरून कुठे अडतं ते बघायचा. "तू ज्यात मावलास त्यात सगळं बडोदं मावेल," म्हणायचा. ही तारीफ होती की टोमणा, मला अजून कळलेलं नाही.

एकदा घाईत मी खऱ्या गिऱ्हाइकाचं बिल खोट्या दुकानात फाडलं. गीझर विकला गेला, खऱ्या दुकानात मात्र तो शिल्लकच दिसत राहिला. दिवसभर मी तो गोदामात शोधत नोकरांवर ओरडत होतो. दुसऱ्या दिवशी अविनाशने वहिनींची लाल टिकली जुन्या स्क्रीनच्या कोपऱ्यावर चिकटवली. "टिकली दिसली की समजायचं, इथे काहीही बिघडलं तरी चालतं."

तेराव्यानंतर वासण्याला त्यांच्या घरी जाऊन वहिनींना विचारलंच, मला का नाही सांगितलं? "मी म्हटलं होतं, सांगा. तर म्हणे, दिग्या डॉक्टरांशीही घासाघीस करेल." आम्ही दोघंही हसलो... मग हसू थांबलं. केलीच असती. दुसरा डॉक्टर, दुसरी तारीख. म्हणून तर सांगायला हवं होतं! प्रत्येक गोष्ट आधी खोट्यात चालवून बघणारा माणूस स्वतःच्या वेळी थेट खऱ्यावर कसा गेला?

गेल्या आठवड्यात नव्या आवृत्तीसाठी कंपनीचा माणूस आला. "अंकल, सीधुं करी दइए, कंई नहीं थाय." थेट चढव, काही होत नाही : इतकी वर्षं मी हेच म्हणत आलो होतो. तरी त्याला मागच्या खोलीत नेलं. टिकलीचा डिंक सुकलाय; अंगठ्याने दाबून बसवली. खोटं दुकान उघडलं, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसलो आणि भाव पाडला. त्याने लगेच कबूल केला.

"एम नहीं, भाई," मी ओरडलो, "झगडो कर!"