अंगठ्याखालचा रकाना

बॅट निवडणं हे शास्त्र आहे. हे मला शहापूरच्या मैदानावर, मांडवाखाली, खांद्यावर सत्काराची शाल घेतलेल्या क्रिकेटच्या सरांनी सांगितलं. शास्त्र त्यांच्या हातात होतं. प्लास्टिक चढवलेला एक तक्ता. प्रमुख पाहुण्यांना यायला दीड तास उशीर झाला, त्यामुळे शास्त्र आम्हा मुलींना दोनदा ऐकावं लागलं.

पाहुणे मुरबाडकडचे, फार्महाऊसवाले. मुलींच्या संघाला बॅटा दान देणार होते. मी आश्रमशाळेतली. घर सिद्धगडाच्या पायथ्याला, ठाकरांच्या पाड्यावर.

सरांनी माझा फॉर्म वाचला. माईक चालूच होता.

“एक जून. मघाच्या मुलीचीही एक जून. तुमच्या पाड्यावर सगळे एकाच दिवशी जन्मतात काय गं?”

मांडव हसला. पाहुणेही हसले, जरा उशिरानं.

शाळेत घालताना गुरुजींनी निम्म्या पाड्याला एक जून लावली होती. आई म्हणते, ओहोळावरचा साकव वाहून गेला त्या पावसात तू झालीस. साकव दोनदा वाहून गेलाय.

“फॉर्मवर बारा वर्षं. म्हणजे ज्युनियर बॅट,” सर म्हणाले. “आणि बारा नसतील, तर खोटं वय लावलं म्हणून आत्ता घरी पाठवतो. बोल, किती?”

उंचीनं मी सरांच्या कानाला लागत होते.

“बारा,” मी म्हणाले. मला खेळायचं होतं.

बॅट हातात आली. दांडा मांडीपाशीच संपत होता.

“सर, लहान पडतेय.”

“मग वाक थोडी. लावणी करता ना तुम्ही? वाकायची सवय असेलच.”

पुन्हा हशा. मी बॅट दोन्ही हातांनी घेतली, पाहुण्यांना वाकून नमस्कार केला. फोटोत मी वाकलेलीच आहे.

माझ्यानंतर पाहुण्यांची पुतणी आली. चौदा वर्षांची, माझ्या खांद्याला लागणारी. तिला सीनियर बॅट मिळाली. टाळ्या.

आठवडाभर सराव झाला. मी दुमडून खेळले. चेंडू कमी आणि माझ्या चपला जास्त दिसायच्या. पाठ भरून यायची. पुतणी त्या जड बॅटसोबत रोज कुस्ती करायची आणि रोज हरायची. सर दोघींनाही म्हणायचे, “तंत्र सुधारा.”

शनिवारी घरी गेले. बॅट सोबत नेली, दाखवायला. बा कुदळींना, कुऱ्हाडींना दांडे बसवायचा. धसईच्या बाजाराला ते घेऊन बसायचा. गिऱ्हाइकाला आधी उभं करायचा, वरपासून खालपर्यंत बघायचा, मग दांडा तासायला घ्यायचा. बानं बॅट माझ्या पायाशी उभी केली.

“ह्यो दांडा कुणाच्या मापाचा?”

“बारा वर्सांच्या.”

“वर्साला काय हात असतात गो?”

एवढंच बोलला आणि कामाला लागला.

त्यानं कधी कुणा गिऱ्हाइकाला जन्मतारीख विचारलेली मला आठवत नाही. हे मी लहानपणापासून बघत होते. तरी वाकले. मांडवात लोक हसले तेव्हा लाज वाटली होती. ही लाज वेगळी होती. ही माझी मला वाटली. आणि तिच्या तळाशी राग होता.

सोमवारी मैदानावर गेले. बॅट सरांच्या पायाशी ठेवली.

“सर, तक्ता बघू.”

“तुला काय कळणार त्यातलं?”

“वाचता येतं मला.”

सरांनी तक्ता समोर धरला, सोडला मात्र नाही. वयाचा रकाना दिसत होता. शेजारच्या रकान्यावर त्यांचा अंगठा होता.

“सर, अंगठा काढा.”

सरांनी मागे वळून पाहिलं. सरांना वाटलं असावं, मी दुसऱ्याच कुणाशी बोलतेय. मग अंगठा सरकला. खाली उंची होती. त्याच्याखाली ठळक अक्षरात ओळ: बॅट उंचीप्रमाणे निवडावी, वय केवळ अंदाजासाठी.

“उद्धटपणा करतेस?”

“वय फॉर्मवरचं घ्या सर. उंची माझी घ्या. मी वाकणार नाय.”

‘नाय’ तोंडातून गेलं. दुरुस्त केलं नाही.

पुतणी मधेच म्हणाली, “द्या ना सर तिला माझी. मला पोटात टोचते ती.”

“बदलता येणार नाही. पाहुण्यांबरोबर फोटो निघालेत,” सर म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “तू संघाबाहेर.”

आणि सवयीनं त्यांनी मुली मोजल्या. मला धरून अकरा. पुन्हा मोजल्या. अकराच. तत्त्वावर ठाम राहायला बारावी मुलगी लागते. ती नव्हती.

बॅटा बदलल्या गेल्या.

आज मी मुरबाड तालुक्यातल्या एका शाळेत शिकवते. अजून पाहुणे येतात, शाली येतात, खोक्यातून बॅटा आणि तक्ता येतो. मी एकेका मुलीला अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभी करते. बॅट पायाशी लावून बघते. मग पुढची. पाहुणे घड्याळ बघतात. बघू देत. त्यांना नमस्कार करायचा तर माझ्या मुली उभ्यानं करतील. वाकतील त्या भात लावताना, तेही स्वतःच्या खाचरात. हे मी मुख्याध्यापकांना लेखी दिलंय.

बॅट बदलली त्याच आठवड्यात, रविवारी, सामना होता. मी ताठ उभी राहिले आणि दुसऱ्याच चेंडूवर त्रिफळाचीत झाले. बॅट मापाची होती.