तीनशे एकोणिसावा शब्द

देवाला नमस्कार करतो, पण कौल, संकेत, अंगारे-धुपारे यांच्या वाटेला मी कधी गेलो नाही. भोरमधल्या एका ऑफिसात पंचवीस वर्षं आकडे जुळवले. जुळलं नाही तर चूक माझी, भुताची नव्हे — हा माझा हिशेब. म्हणून पुढचं जसं घडलं तसंच लिहितो...

साल २००३. घरी एक जुना, फारसा दम नसलेला कॉम्प्युटर होता. त्यावर मी स्पेलिंग तपासणारा एक छोटा प्रोग्रॅम टाकला होता, एका फ्लॉपीत मावणारा. कुठेही टाइप करा, अनोळखी शब्द आला की तो 'टुंग' करायचा. 'अ‍ॅड' दाबलं की शब्द त्याच्या यादीत जायचा, मग पुन्हा टुंग नाही.

शेजारच्या शमीमभाभींचा मुलगा दुबईला. दर रविवारी सकाळी त्या सांगायच्या आणि मी ई-मेल लिहायचो — मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत, तेव्हा सगळे लिहायचे तसं. साहजिकच शब्दागणिक टुंग! मी एकेक शब्द अ‍ॅड करायचो आणि वहीत क्रमांक घालून उतरवायचो, समोर कोणी घातला तेही — ऑफिसातली सवय.

"भाऊजी, ह्यो तर माझ्या सासूपेक्षा कुरकुऱ्या," भाभी हसायच्या. "ती निदान नमाजाला तरी गप बसायची."

त्या रविवारी मात्र हसल्या नाहीत. मुलीचं, रुबीनाचं लग्न महिन्यावर आलं होतं, आणि भाभींच्या एकुलत्या भावाचा, रहीमचा, आठ वर्षं पत्ता नव्हता. वडिलांशी भांडून गेला तो ते वारले तेव्हाही आला नाही. वेल्ह्याच्या रस्त्याला कुठंतरी दिसला होता, एवढीच ऐकीव बातमी. दुबईत मुलाच्या खोलीवर त्या भागातला एकजण होता. त्याला विचारायला लिहा, असं म्हणून भाभी रस्त्यावरची गावं सांगू लागल्या.

आंबवणे — टुंग. मार्गासनी — टुंग. विंझर... वेल्हे — टुंग.

"थांबा," भाभी म्हणाल्या. "विंझरला का न्हाई वरडला?"

गावांची नावं यादीत कशाला, म्हणून त्या दिवशी मी अजून एकही शब्द अ‍ॅड केला नव्हता. मी यादी उघडली. शेवटच्या ओळीत विंझर! वहीत शब्द ३१८, यादीत ३१९. यादीच्या फाइलवर वेळ गुरुवारची, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. तेव्हा मी ऑफिसात होतो. घरात फक्त आमची ही. तिला विचारलं.

"मी त्याची धूळसुद्धा पुसत नाही. मागं एकदा पुसली तर दोन दिवस बोलत होतात!"

मशीनची चूक असेल, मी म्हणालो. भाभी तोवर उठल्याही होत्या. "असंल चूक. एक फेरा फुकट जाईल, आनि काय? चला."

एसटीनं निघालो, नसरापूर फाट्याला गाडी बदलली, दुपारी विंझर. थांब्यासमोर पंक्चरचं दुकान. पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे बघणाऱ्या माणसानं मान वर केली आणि तसाच राहिला.

"आपा?"

भाभींनी आधी त्याच्या पाठीत धपाटा घातला. "आठ वर्षं! एक पोस्टकार्ड जड झालं व्हय रं?"

"कंच्या तोंडानं लिवू?"

"ह्याच. धुवून घे फकस्त. रुबीनाचं लगीन हाय, मामा पायजे."

त्यानं तोंड धुतलं, बराच वेळ धुतलं. मग चहा घेताना म्हणाला, "गुरुवारी निगालोच व्हतो भोरला. चारच्या गाडीला हात केला, गाडी थांबली... आन पाय उचलंना. गेली गाडी."

यादीच्या फाइलवरची वेळही गुरुवारचीच होती, चार वाजून दहा मिनिटं.

नंतर एका जाणकाराला फाइल दाखवली. कॉम्प्युटरचं घड्याळ चुकलं असेल, तो म्हणाला. तपासलं — बरोबर होतं. आणि चुकलेलं घड्याळ गावाचं नाव कसं लिहील? मला आजही सांगता येत नाही. वहीत ३१९ समोर विंझर लिहिलं, कोणी घातला त्याची जागा कोरी ठेवली.

विंझरहून परतलो त्याच संध्याकाळी भाभींच्या मुलाला मेल लिहायला बसलो. रहीम दुकान बंद करून आमच्याबरोबरच आला होता. मी टाइप केलं, मामा सापडला. 'मामा'ला गप्प. 'सापडला'ला टुंग! इतक्या रविवारांत हा शब्द कधी लागलाच नव्हता.

रहीम दचकला. "काय चुकलं का?"

"न्हाई रं," भाभी डोळे पुसत म्हणाल्या. "नवा शब्द हाय. घाला, भाऊजी."

तीनशे विसावा. त्याच्यासमोर मात्र माझं नाव आहे.