महजरात लिहिलेले दिवे

ती घटना मी विसरलेलो नाही. विसरावी असं फार वाटलं, पण ते जमलं नाही.

मी म्हैसूरच्या एका ट्रॅफिक ठाण्यात एएसआय, म्हणजे सहायक फौजदार होतो. कॉन्स्टेबल म्हणून लागलो आणि तिथवर पोचलो. आमचे पूर्वज राजाच्या फौजेत आले ते इथेच राहिले, म्हणून घरात मराठी. शाळा कन्नडची, तीही सातवीपर्यंत. तेव्हा माझ्या भाषेत चुका असतील, त्या काढत बसू नका. नाव मी कुणाचंच घेणार नाही.

निवृत्तीला सात महिने उरले होते. कुवेंपुनगरकडून येणाऱ्या एका रस्त्यावर संध्याकाळी सव्वासातच्या सुमारास एक मुलगी स्कूटरसकट चरात पडली. पाण्याच्या पाइपासाठी चर खणला होता आणि तसाच उघडा टाकला होता. मुलगी नर्स होती, ड्यूटी संपवून घरी चालली होती. दोन दिवसांनी ती गेली.

आमच्याकडची पद्धत सांगतो. गाडी एकटीच पडली, समोर दुसरी गाडी नाही, तर गुन्हा पडणाऱ्यावरच दाखल होतो. निष्काळजीपणे गाडी चालवली म्हणून. मग आरोपी मयत, केस बंद. दोन पानांत काम संपतं.

जागेची पाहणी करून जो कागद करतात, महाराष्ट्रात ज्याला पंचनामा म्हणतात, त्याला आम्ही महजर म्हणतो. तो मी केला. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला गेलो, टेप लावून चराची लांबी, रुंदी, खोली घेतली, दोन पंचांच्या सह्या घेतल्या. एक पंच चहावाला, दुसरा पंक्चरवाला. ते दोघे आमचे नेहमीचेच. आणि शेवटी लिहिलं, 'घटनास्थळी रस्त्यावरच्या दिव्यांचा पुरेसा उजेड होता.'

ही ओळ मला नोकरीच्या सुरुवातीला ठाण्यात कागद लिहिणाऱ्या रायटरने शिकवली होती. तो म्हणायचा, "अंधार पडल्यानंतरची कुठलीही केस असू दे, उजेड घालायचा. नाहीतर कोर्टात वकील विचारतो, अंधारात तुमच्या साक्षीदाराला दिसलं कसं?" तेव्हापासून मी चोरीत घातली, मारामारीत घातली, अपघातात घातली. हाताला सवय झाली होती. सकाळी अकराला कुठला दिवा जळतो? रस्त्यावर पाच खांब होते. खांब होते म्हणून दिवे होते, असं मी धरून चाललो.

दोन महिन्यांनी मुलीचा बाप ठाण्यात आला. तो शिंपी, आमच्यासारखाच इथला जुना मराठी. आमच्या ठाण्यातल्या निम्म्या लोकांची खाकी त्यानेच शिवलेली. खुर्ची दिली तरी बसला नाही.

"साहेब, तुमच्या कमरेचं माप माझ्या वहीत आहे. दर वर्षी वाढतं, ते मी लिहितो," तो म्हणाला. "पण मी आधी टेप लावतो, मग लिहितो. तुम्ही हे कसं लिहिलंत?"

त्याने एक कागद पुढे ठेवला. त्या रस्त्यावरचे दिवे पाच महिने बंद होते, तरी त्यांच्या देखभालीचं बिल दर महिन्याला निघत होतं, असं त्याचं म्हणणं. माहितीच्या हक्काखाली त्याने दिव्यांच्या कचेरीला विचारलं होतं. उत्तर आलं, दिवे चालू होते, पोलिसांच्या महजरातच तशी नोंद आहे.

मी म्हणालो, "मामा, तुमचं दुःख कळतं मला. पण दिवे असतील हो. पोरीचं लक्ष नसेल."

"तिचं लक्ष नव्हतं हे तुम्ही पाहिलंत का?"

"तसं नाही."

"मग दिवे पाहिलेत?"

मी फोन वाजल्यासारखं केलं आणि आत गेलो. असा माणूस दोन-तीनदा येतो आणि थकतो, हा माझा अनुभव. हा थकला नाही. दर सोमवारी यायचा. मागणं एकच. मुलीवरचा गुन्हा काढा आणि दिवे बंद होते असं कुठेतरी लिहा. ज्याने बंद ठेवले त्याला मग मी विचारतो, म्हणायचा.

पुढे एकदा दुपारी मला फोन आला. माणसाने नाव सांगितलं नाही. बोलण्यावरून लाइनमन वाटला. कन्नडमध्ये म्हणाला, "सार, ती नर्स पडली त्या रस्त्याच्या टोकाला दिव्यांची पेटी आहे. आजच्या आज उघडून बघा. उद्या ती बदलणार आहेत." आणि ठेवून दिला.

मी दिव्यांच्या कंत्राटदाराच्या मेस्त्रीला ठाण्यात बोलावलं. ओरडून विचारणं मला कधीच आवडलं नाही. ओरडलं की खोटं बोलणारा आणि खरं बोलणारा दोघेही सारखेच घाबरतात. मी त्याला कॉफी दिली, गाव विचारलं, मुलं किती ते विचारलं. तिथे तो अडखळत बोलला, आठवून बोलला. मग दिव्यांचं विचारलं.

"सगळे चालू होते सार."

"लावतो कोण?"

"मीच. पेटीतला स्विचचा दांडा संध्याकाळी सहाला वर, सकाळी सहाला खाली."

"रोज?"

"रोज सार. एक दिवस चुकला नाही."

खरं बोलणारा जरा शोधतो. ह्याची उत्तरं तयार होती, पाठ केल्यासारखी. मी त्याला जीपमध्ये घातलं आणि त्या टोकाला नेलं. पेटीची किल्ली त्याच्याकडेच होती. दोनदा म्हणाला, विसरलो. तिसऱ्यांदा खिशात सापडली.

पेटी उघडली. दांडा खाली होता आणि त्यावर कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं होतं. एक नाही, चार. एकाला एक चिकटून, दांड्यापासून मागच्या पत्र्यापर्यंत. माती वाळून दगड झालेली. माश्या कधीच उडून गेल्या होत्या, भोकं रिकामी होती. दांडा एकदा जरी वर गेला असता तरी ते सगळं फुटलं असतं.

मेस्त्री आपणहून बोलायला लागला. "सार, मी काय करणार? चर खणताना खालची वायर तुटली. वर कळवलं. वरचे म्हणाले, गप्प बस. अपघातानंतर घाबरलो होतो. मग त्यांनी तुमचा कागद दाखवला. त्यात तर तुम्हीच लिहिलंय चालू होते म्हणून. मी तुमचंच वाचून सांगितलं."

पेटीचं दार लावून मी जीपमध्ये बसलो.

ठाण्यात आलो आणि इन्स्पेक्टरांना सगळं सांगितलं. म्हणालो, दुसरा महजर करतो, पेटीचा.

ते माझ्याहून वीस वर्षांनी लहान, हुशार माणूस. म्हणाले, "एका केसमध्ये एकाच माणसाचे दोन महजर. कुठला खरा?"

"दुसरा, सर."

"मग पहिल्याचं काय? खोटा कागद केला म्हणून तुमच्यावर चौकशी लागेल. पेन्शन अडकेल. आणि तुमच्या त्या उजेडाच्या ओळीवर कितीजण आत बसलेत? सगळ्यांचे वकील उद्या दारात येतील." फाइल मिटून म्हणाले, "बघा. मी अडवत नाही. कागद तुमच्याकडेच आहे."

घरी बायकोला सांगितलं. ती शेंगा सोलत होती. "तुम्ही दिवे बघितले होते का?" तिने विचारलं.

"नाही."

"मग?"

मी तिच्यासमोर बसलो आणि शेंगा सोलायला लागलो. दुसऱ्या दिवशी पेटी बदलली गेली. मी महजर केला नव्हता.

शिंप्याच्या अर्जांवर शेवटी चौकशी बसली. मला बोलावलं. अधिकाऱ्याने विचारलं, "त्या वेळी दिवे चालू होते?" बाप समोरच्या बाकावर होता. मी म्हणालो, "होय सर, चालू होते. महजरात नोंद आहे." 'पाहिले' असं म्हणालो नाही. तेवढी चलाखी केली आणि तिचं समाधान मानलं. तो माणूस माझ्याकडे बघत होता. रागाने नाही. एखादं कापड कुठे आखडलंय ते बघावं तसं.

ते सात महिने भरले आणि मी हार घालून घरी आलो. पेन्शन वेळेवर सुरू झाली.

मागच्या वर्षी माझी बायको गेली. दवाखाना सरकारी, कुठला ते सांगत नाही. सकाळी आठपासून मी तिच्या खाटेजवळ स्टुलावर होतो. तिला धाप लागली होती. मी चारदा उठून नर्सच्या टेबलाकडे गेलो. बोलावूनही कुणी आलं नाही. संध्याकाळी आले तेव्हा ती गेलेली होती. नंतर मी तिचे कागद मागून घेतले. त्यात दर दोन तासांनी तपासल्याची नोंद होती. दहाला, बाराला, दोनला, चारला. नाडी, ताप, सगळं. चारही ओळी एका शाईत, एका दमात. अक्षराचा कल जरासुद्धा बदललेला नाही. मला कुणी सांगायला नको. ते एकाच बैठकीत, खुर्चीत बसून लिहिलेलं होतं. तसं मी जन्मभर लिहिलं.

काउंटरवरच्या माणसाला म्हणालो, हे खोटं आहे. तो म्हणाला, "अज्जा, लेखी आहे ना सगळं. मग तुम्ही काय म्हणता त्याला काय करू?"

मी तिथून सरळ चामराजपुरमला शिंप्याच्या दुकानी गेलो. आता तो शिवत नाही, नुसता बसतो. मला ओळखलं. माझी बायको गेल्याचं त्याला कळलं होतं. "बसा," म्हणाला.

मी म्हणालो, "मामा, दिवे बंद होते. मी पेटी पाहिली होती."

त्याने गळ्यातला टेप काढून गुंडाळला. मग म्हणाला, "पोरीची आई गेली दोन वर्षांपूर्वी. ती शेवटपर्यंत म्हणायची, आमची पोर हळू चालवायची गाडी." मग म्हणाला, "तुमच्या त्या चौकशीनंतर आठवड्यात तिथे दिवे लागले. नवे, पांढरे. मी जाऊन बघितले. रस्ता कसा लख्ख दिसतो. पण कागदावर ते कधी लागलेच नाहीत बघा. कारण कागदावर ते कधी बंदच नव्हते. आता मी कुणाला विचारू, कधी लावले म्हणून?"

मी क्षमा मागितली. तो म्हणाला, "क्षमेचं काय करू मी? लिहून द्या."

मी साध्या कागदावर लिहून दिलं, सही केली. त्याने तो मुलीच्या फाइलीत लावला आणि वकिलाकडे नेला. वकील म्हणाला, आता उशीर झाला, तरी अर्ज टाकू. टाकलाय. काय होईल ठाऊक नाही. माझी पेन्शन अडवली तर अडवू दे, आता घरी एकटाच आहे.

ह्या केसने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. मी एवढंच शिकलो की सरकारला कुणी जाब विचारतो तेव्हा त्याच्यासमोर सरकार म्हणून मंत्री किंवा मोठा साहेब उभा नसतो. माझ्यासारखा एक खालचा माणूस असतो आणि त्याने न बघता लिहिलेली एक ओळ असते. वरचे सगळे त्या ओळीच्या मागे उभे राहतात. ती ओळ मी लिहिली होती. ती मी इथे सर्वांसमोर खोडतो. त्या संध्याकाळी त्या रस्त्यावर एकही दिवा जळत नव्हता, आणि त्या मुलीची काही चूक नव्हती.