बर्फावर पडायला गेले तेव्हा

दादरच्या ट्रॅव्हल ऑफिसातली मुलगी बोलायला गोड होती. जपान म्हटल्याबरोबर तिने चेरीच्या फुलांचं ब्रोशर पुढे सरकवलं.

"फुलं नकोत," मी म्हटलं. "बर्फ हवाय. फेब्रुवारीत."

"मग आपला स्नो पॉइंट आहे ना, मॅडम! अर्धा तास बर्फात खेळायचं, फोटो काढायचे, गरम सूप प्यायचं, परत बसमध्ये."

"मला स्की करायचंय."

तिने माझ्या मागे पाहिलं. तिथे कुणी मुलगा-सून असतील असं तिला वाटलं असावं. तिथे माझी नणंद बसली होती, वय वर्षं चौसष्ट, मांडीवर भाजीची पिशवी.

"स्की... कोण करणार?"

"मी. वय एकोणसाठ. लिहून घे."

मी एकतीस वर्षं लालबागच्या एका शाळेत पीटी शिकवली. शिट्टी, सावधान-विश्राम, खो-खो, लेझीम. माझं शरीर मला कधी वेगळं वाटलंच नाही. हात म्हणजे मी, पाय म्हणजे मी. मग निवृत्तीच्या आदल्या वर्षी डाव्या स्तनात गाठ निघाली. परळच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, स्तन गेलं, काखेतल्या गाठीही गेल्या. केमो, रेडिएशन, सगळं झालं. मी वाचले.

वाचल्यानंतर जे सुरू झालं त्याला शत्रू म्हणता येत नाही, म्हणून ते जास्त कठीण होतं. नवरा माझ्या हातातून पाण्याची कळशी काढून घ्यायचा. शेजारणी जिन्यात थांबून म्हणायच्या, "अहो, तुम्ही कशाला उतरलात?" लग्नकार्यात मला पंख्याखालची खुर्ची मिळायची आणि तिथून उठले की चार जण धावायचे. सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द: जप. स्वतःला जप, हात जप, तब्येत जप. जपून जपून मी शोकेसमधल्या बाहुलीसारखी झाले होते.

बर्फ माझ्या डोक्यात शिरला तो रेडिएशनच्या दिवसांत. आम्ही बायका डोक्याला रुमाल बांधून नंबराची वाट बघत बसायचो. भिंतीवर टीव्ही, आवाज बंद. एके दिवशी त्यावर जपानमधलं एक गाव दाखवत होते. घरांच्या छपरांवर पुरुषभर उंचीचा बर्फ, आणि डोंगरावरून स्की करत उतरणारी म्हातारी माणसं. त्यातली एक बाई धाडकन आपटली, गडगडली आणि उठून हसायला लागली.

शेजारच्या बाईंनी मला विचारलं, "हे पडूनसुद्धा हसतात का हो?"

मी पडद्यावरच्या त्या बाईचे गुडघे बघत होते. वाकलेले गुडघे, वजन पुढे, नजर लांब. हे तर मी पोरांना शिकवत आलेय, असं मनात आलं. त्यापुढच्या सगळ्या नंबरांना मी तोच उतार डोळ्यांपुढे ठेवून आत गेले.

घरी सांगितलं तेव्हा नवरा जेवत होता. त्याचा घास हातातच राहिला.

"वेडी झालीस का? पडलीस तर?"

"पडायलाच चाललेय."

"एवढं वाचवलं तुला सगळ्यांनी..."

"कशासाठी वाचवलं? कपाटात ठेवायला?"

तो ताटावरून उठला. मला वाईट वाटलं, पण मी शब्द मागे घेतला नाही. तेवढ्यात वन्सं स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. लग्न न करता चाळीस वर्षं ऑफिसात टायपिंग केलेली ही बाई घरात सहसा मत देत नाही. त्या दिवशी भावाला मालवणीत म्हणाल्या, "मी जातंय हिच्यावांगडा, सोबतीक. माका काय ता स्की येना नाय, पण हिका उचलूक येता."

डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी माझा डावा हात नीट तपासला. काखेतल्या गाठी काढल्यामुळे त्याला सूज येण्याची भीती असते, म्हणून मी घट्ट दाबाची बाही घालते. "डाव्या हातावर भार नको," त्या म्हणाल्या. "सूज आली तर थांबायचं. बाकी पाय तुमचेच आहेत."

मग तयारी. चाळीच्या गॅलरीत भिंतीला पाठ टेकवून, खुर्चीत बसल्यासारखं अधांतरी बसायचं. सुरुवातीला दहा आकडे, मग तीस, मग शंभर. गिरगाव चौपाटीच्या वाळूत आडवी पावलं टाकत चढ-उतार. कुणीतरी विचारायचंच, "काय हरवलंय का?" वन्सं सांगायच्या, "हो, अक्कल. शोधतोय."

जागाही आम्हीच निवडली. होक्काइदो बेटावरचं निसेको हे मोठं स्की केंद्र सगळे सांगत होते, पण तिथला पसारा बघूनच दडपायला झालं. हाकुबा या दुसऱ्या ठिकाणचे उतार फोटोतही भिंतीसारखे उभे. शेवटी नागानोकडचं एक लहान गाव पक्कं केलं. शिकणाऱ्यांसाठी बेताचे उतार आणि गल्लोगल्ली गरम पाण्याची सार्वजनिक न्हाणीघरं. दुसरी गोष्ट वन्संसाठी.

पहिल्या सकाळी भाड्याचे बूट पायात चढवले आणि माझा सगळा ताठा उतरला. ते बूट म्हणजे प्लास्टर. घोटा हलत नाही, चालताना वाटतं, बादल्यांत पाय अडकलेत. आमचा शिक्षक सत्तरीचा होता, वाळक्या खारकेसारखा चेहरा, इंग्रजी वीसेक शब्दांचं. तो स्कीची पुढची टोकं जवळ आणून मागची फाकवून दाखवायचा आणि ओरडायचा, "पिझ्झा! पिझ्झा!" असं केलं की वेग कमी होतो.

"पिझ्झा कसला," कडेला बाकावर मोबाइल धरून बसलेल्या वन्सं म्हणाल्या. "चतकोर भाकरी ती. चतकोर कर गो!"

मी चतकोर केला. तरी पडले. पुढे पडले, मागे पडले, उभ्या उभ्या काही न करता पडले. बर्फ तांदळाच्या पिठासारखा होता, लागायचं नाही, पण उठणं हा वेगळाच व्याप. पहिल्या वेळी शिक्षक धावत आला आणि त्याने माझा डावा हात धरला.

"नो!" मी इतक्या जोरात ओरडले की तो दचकला. मी बाहीचं टोक वर करून दाखवलं, छातीवर आडवा हात फिरवला. "ऑपरेशन."

आता हा मला परत पाठवणार, असं मला वाटलं. मनात भांडणाची तयारीही केली. त्याने क्षणभर बघितलं, मान हलवली आणि स्वतः बर्फात आडवा झाला. डावा हात पाठीमागे घेतला. दोन्ही स्की उताराला आडव्या केल्या, उजव्या हाताने काठी वरच्या बाजूला रोवली आणि नुसत्या त्या एका हातावर उठून उभा राहिला. मग परत आडवा झाला आणि पुन्हा दाखवलं. तिसऱ्यांदा मला खूण केली: आता तू.

कित्येक महिन्यांत मला "राहू दे" न म्हणणारा तो पहिला माणूस.

चौथ्या दिवशी त्याने मला लिफ्टच्या खुर्चीत बसवून वर नेलं. वर पोचले आणि खाली बघितलं तर वन्संचा लाल कोट कुंकवाएवढा. उताराच्या मध्यावर मी आपटले आणि एक स्की सुटून खाली निघून गेली. स्नोमोबिलवरचा, म्हणजे बर्फावरच्या मोटारसायकलवरचा, माणूस थांबला, मागची सीट थोपटली. बसले असते तर दोन मिनिटांत खाली.

"नो, थँक्यू," मी म्हटलं.

शिक्षकाने स्की शोधून आणली. मी ती पायात अडकवायला इतका वेळ लावला की सगळा उतार आमच्या बाजूने वाहून गेला. माझ्या कमरेएवढी पोरं सर्रकन गेली. मग मी उतरले. चतकोर, वळण, चतकोर, वळण. शेवटच्या सपाट पट्ट्यावर मी टोकं सरळ सोडली. वारा कानात शिरला. माझ्या तोंडून शिट्टीसारखा आवाज निघाला, शाळेतला. खाली वन्सं दोन्ही हात वर करून उभ्या होत्या आणि मी सरळ त्यांच्यावर जाऊन आदळले. आम्ही दोघी बर्फात लोळलो.

संध्याकाळी वन्सं न्हाणीघरात जायचं म्हणाल्या. तोवर मी टाळत होते. तिथे बायकांच्या बाजूला सगळ्याजणी अंगावर काही न ठेवता पाण्यात उतरतात. चाळीत वाढलेल्या माझ्यासारख्या बाईला लाज असते, पण माझं कारण तेवढंच नव्हतं. ऑपरेशननंतर मला नवऱ्यानेही उजेडात पाहिलं नव्हतं. मीच पाहू दिलं नव्हतं.

कपडे काढायच्या खोलीत मी रुमाल छातीशी धरून उभी राहिले. वन्संनी आपला घडी करून डोक्यावर ठेवला, तिथल्या बायकांसारखा, आणि माझ्याकडे बघत थांबल्या. मी रुमाल काढला.

आत पाच-सहा बायका होत्या. एकीची नजर माझ्या व्रणावर गेली, थांबली. मी मान खाली घातली नाही. बघ, म्हटलं मनात, हे असं दिसतं. तिने सरकून जागा करून दिली. मी गरम पाण्यात मानेपर्यंत बुडाले, डावा हात तेवढा काठावर बाहेर ठेवून, कारण त्याला उष्णता चालत नाही.

आता हेही सांगायला हवं, की परत आल्यावर हात सुजला. थोडा, पण सुजला. नवरा माझ्याबरोबर डॉक्टरबाईंकडे आला. त्याच्या चेहऱ्यावर "मी म्हटलं नव्हतं?" स्पष्ट लिहिलेलं होतं.

"किती वेळा पडलात?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"मोजलं नाही."

"एकेचाळीस," नवरा म्हणाला. आम्ही दोघी त्याच्याकडे बघायला लागलो. तो गडबडला. "ताई व्हिडिओ पाठवायची ना. त्यात दिसतात तेवढ्या. आणि एकेचाळीस वेळा उठली."

महिनाभर पट्ट्या बांधल्या, सूज उतरली. पट्ट्या तोच बांधायचा, खिडकीशी बसून, भर उजेडात. एके सकाळी बांधता बांधता म्हणाला, "तुझं पाहून ताई म्हणते, तिलाही शिकायचंय."

"मग शिकू देत," मी म्हटलं. "तू का हसतोयस?"

"हसत नाहीये," तो म्हणाला, आणि पट्टी जरा जास्तच घट्ट ओढली.