हबवर पालथा हात

हाताला लागलेलं ग्रीस साबणानं जातं, पण नखात थोडं राहतंच. गॅरेजमधल्या गोष्टींचंही तसंच. लग्न होऊन तेलगावात आले आणि काही महिन्यांतच माझ्याकडे इतक्या साठल्या, की फोन उचलला की आई आधी विचारते, "आज कोणाचं चाक निघालं?"

गॅरेज सासऱ्यांचं. त्यांना मी मामा म्हणते. उसाच्या ट्रॉल्यांची चाकं खोलायची, बेअरिंग धुवायचं, नवं ग्रीस भरायचं, हे त्यांचं काम. मी काउंटरवरून सुटे भाग काढून देते आणि गप्प बसते. नव्या सुनेचा हा एक फायदा, तिच्यासमोर सगळे मोकळं बोलतात!

* * *

गेवराईकडचे एक काका आले. चाकाच्या मधोमधचं हब खोललं, तर आतलं ग्रीस वाळून खडखडीत.

"कधी भरलतं?" मामांनी विचारलं.

"ते न्हाई आठवत. पण दसऱ्याला न चुकता चाकाला हार घालतो, कुंकू लावतो!"

"बाहेरून घालता ना? मंग आत बेअरिंगला कसं कळावं?"

* * *

दुसऱ्या एकाच्या बेअरिंगचा पार चुरा झालेला.

"आवाज येत न्हवता का बे?"

"लई यायचा! मंग ट्रॅक्टरला गाण्याचा मोठा डेक बसविला. तवापासून न्हाई येत."

* * *

आवाजावरून आठवलं. आमच्या घरच्या ट्रॉलीचं डावं चाकही गुरगुरायचं. आणि रविवारी नणंदेचा साखरपुडा, नांदूरघाटला. बायका-लेकरं याच ट्रॉलीत बसणार.

ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "बापाला चाकाचं मी शिकवू? तूच सांग की!"

सांगितलं. मामा हसले. "गॅरेजवाल्याची ट्रॉली हाय ती, सूनबाई. तिला काय होतंय!"

मी पुन्हा काउंटरवर.

* * *

त्याच आठवड्यात एकाच्या हबात स्प्लिट पिनीच्या जागी खिळा निघाला. ही पिन नटाला फिरू देत नाही. ती गेली की नट जातो, नट गेला की चाक!

मामा असे भडकले! "माणसं मारतो का बे? पिनीच्या जागी पिनच लागती!"

तो खिळा त्यांनी काउंटरच्या काचेखाली ठेवला. येईल त्याला दाखवायचे.

* * *

जाताना प्रत्येकाला त्यांची एकच ताकीद. "थोडं अंतर गेलं की थांबायचं. हबवर पालथा हात ठेवायचा. टिकला तर पुढं जायचं, न्हाई टिकला तर तिथंच खोलायचं."

एक जण दुसऱ्याच दिवशी तुटकं चाक घेऊन परत!

"हात ठेवलता का?"

"ठेवला की! गार होतं."

"कुठं थांबून?"

"निघायच्या आधीच बघितलं. रस्त्यात कशाला थांबायचं?"

* * *

रविवार उजाडला. ट्रॅक्टर हे चालवत होते. मामा पांढऱ्याशुभ्र कपड्यांत शेजारच्या मडगार्डवर. मागे ट्रॉलीत आम्ही सगळ्या, मध्ये नटलेली नणंद. डावं चाक गुरगुरत होतं. तेलगाव मागे पडलं, तरी कोणी थांबेना.

मी सासूबाईंच्या कानाशी लागले, "जरा थांबवायला सांगा ना."

"लाजती काय त्यात! थांबवा ओ, सूनबाईला उतरायचंय!"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मी उतरले. झुडपांकडे न जाता डाव्या चाकाशी गेले, पालथा हात ठेवला आणि झटकन मागे घेतला.

"काय झालं?" मामांनी वरूनच विचारलं.

"हात टिकला न्हाई, मामा."

हसणं थांबलं. मामा उतरले. त्यांनी स्वतः हात लावून बघितला. मग पांढऱ्या बाह्या वर सारल्या. सगळ्यांना खाली उतरवलं, जॅक लावला, हबची टोपी काढली. आत ग्रीस जळून डांबर झालेलं. नटाच्या भोकात पिनीच्या जागी वाकवलेली काळी तार.

सासूबाई वाकून निरखून बघत होत्या.

"अगं बया! हा तर माझा अंबाड्याचा आकडा! दिवाळीपासून हुडकायलेय मी!"