शेजारच्या घराची किल्ली

कागद गिरणी बंद पडल्यापासून आमचं शहर रिकामं होत चाललंय. नगरपालिका आता ओस घरं पाडून तिथं बागा करते. शेजारच्या कुसुमच्या घराच्या जागी बकुळीचं रोप लावलंय, बाकही टाकलाय. काल मोजमापं घ्यायला आलेल्या इंजिनिअर बाई म्हणाल्या, "काकू, माणसं कमी झाली, तर शहरही बेताचं करायला हवं ना?"

मी मान डोलावली, पण आतून नुसता जळफळाट. कुसुम मुलाकडे पुण्याला निघून गेली, तर तिच्या अंगणात बाग. मी इथंच राहिले, तर माझ्या नळाला दिवसाआड पाणी!

गल्लीतला जो तो जाताना किल्ली माझ्याकडे ठेवून गेला. दाराआडच्या खिळ्यावर त्या सगळ्या टांगल्यात. कुसुमच्या पितळी किल्लीला आता उघडायला दारच नाही, तरी यंदाच्या दिवाळीत मी ती सवयीनं चिंचेनं घासली. घासताना तिचा फार हेवा वाटला. पुण्याचा नाही, बागेचाही नाही. निघताना किल्ली ठेवायला तिला शेजारीण होती.